जिन्यातला टसर पतंग: ओळख पटवण्याच्या नोंदी

७ जुलै. इंदूरच्या राजेंद्रनगरातील आमच्या इमारतीच्या जिन्यात, रात्रभर चालू राहिलेल्या दिव्याखालच्या भिंतीवर, सकाळी साडेसात वाजता तळहाताहून मोठा पिवळसर पतंग पंख पसरून बसलेला आढळला. झाडू घेऊन आलेल्या शेजारच्या आजींना थोपवून मी पट्टी लावली, तेव्हा पंखांचा विस्तार साडेपंधरा सेंटिमीटर भरला. आकार पाहून मी वहीत घाईने ‘ॲटलस’ असे, एका मोठ्या पतंगाचे नाव, लिहिले.

८ जुलै. कालचा शब्द खोडावा लागला. ॲटलसच्या पंखांवर डोळ्यासारखे गोल ठिपके नसतात, तेथे त्रिकोणी पारदर्शक खिडक्या असतात, आणि पुढच्या पंखाचे टोक सापाच्या डोक्यासारखे भासते. आमच्या पाहुण्याच्या चारही पंखांवर एकेक गोल ठिपका असून त्याच्या मध्यभागी खवलेच नाहीत. मागे वहीचे पान धरले असता त्यातून निळी रेघ स्पष्ट दिसली. पंखांना शेपट्या नसल्यामुळे फिकट हिरवा मून मॉथही बाद झाला, आणि मुगा रेशमाचा पतंग तर ईशान्य भारतातला. उरला तो टसर रेशमाचा पतंग, शास्त्रीय नाव अँथेरिया पॅफिया. जुन्या पुस्तकांत हाच पतंग बहुधा ‘मायलिटा’ या नावाने भेटतो. ते नाव ड्रुरी या अभ्यासकाने दिलेले, १७७३चे. ‘पॅफिया’ हे लिनिअस या निसर्गशास्त्रज्ञाने दिलेले, १७५८चे. दोन्ही एकच जाती मानणारे अभ्यासक आधीचे नाव, म्हणजे ‘पॅफिया’, वापरतात आणि मीही तेच धरले आहे.

नर की मादी, हे मात्र रंगावरून ठरवू नये असे माझे मत आहे. नर बहुधा विटकरी-तपकिरी आणि मादी पिवळी किंवा राखाडी असते हे खरे. परंतु या जातीत रंगांची विविधता इतकी आहे की स्पृशा (डोक्यावरच्या मिशा) पाहिल्याशिवाय निर्णय देणे धोक्याचे. मादीचा गंध अंधारात दुरून टिपायचा असल्याने नराच्या स्पृशा रुंद पिसासारख्या असतात. येथे त्या अरुंद होत्या आणि पोटही जड होते, म्हणून मादी. (आजींच्या नातवाने बशीत साखरेचे पाणी आणले होते, प्रौढ टसर काही खातच नाही, सुरवंटपणी साठवलेल्या चरबीवरच जगतो, हे त्याला पटवणे ओळख पटवण्यापेक्षा अवघड गेले.)

९ जुलै. हवेशीर खोक्यात एका रात्रीत ४३ अंडी, तपकिरी चिकाने पुठ्ठ्याला घट्ट चिकटलेली. संध्याकाळी मादीला रस्त्याकडेच्या अर्जुनाच्या खोडावर ठेवले.

२१ जुलै. फलित अंडी साधारण आठ-दहा दिवसांत फुटतात. ही सर्व न फुटता वाया गेली, म्हणजे तिचे मीलन झालेलेच नव्हते. त्याच अर्जुनाच्या खालच्या फांदीला एक रिकामा कोश मिळाला: राखाडी, टणक, लांब देठाचा, देठाच्या टोकाचे कडे फांदीभोवती पक्के आवळलेले आणि बाहेर पडण्याचे छिद्र देठाच्याच बाजूला. फांदी न कापता छायाचित्र घेतले.