नक्षत्रवही : मृग ते हस्त

यंदा हायकूच्या, म्हणजे तीन ओळींच्या जपानी वळणाच्या कवितांच्या, वहीत तारखा टाकणं बंद केलं. तारखेऐवजी पावसाचं नक्षत्र. भिंतीवरच्या कॅलेंडरात ती छापलेली असतातच, शिवाय प्रत्येकाचं वाहनही असतं: बेडूक, मोर, म्हैस, गाढव, कोल्हा. एक नक्षत्र साधारण 13-14 दिवस चालतं, वहीच्या एका पानाला तेवढं पुरतं. जपानी हायकूत ऋतू सांगणारा एखादा शब्द लागतो आणि तिकडे अशा शब्दांचे जाडजूड कोश निघतात, त्यांना ‘साइजिकी’ म्हणतात. आमच्या घरी तो कोश सासूबाईंना तोंडपाठ आहे. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा. पडतील स्वाती तर पिकतील मोती. इतकी तयार सामग्री घरात असताना मी इतके दिवस नुसतं ‘पाऊस’ लिहीत होते.

मृग

या पानावर खाडाखोडच जास्त. ठरवलं होतं की यंदा 5-7-5 अक्षरं पाळायची, म्हणजे एकूण 17. आकडा तसा परका नाही. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, म्हणजे 16. मोठ्या अभंगात 6-6-6-4, म्हणजे 22. दोन्हींच्या मधे कुठेतरी हायकू बसतो. पण जपानीतली 17 ही आपल्या अक्षरांपेक्षाही बारीक ध्वनींची मोजणी आहे आणि मराठीला प्रत्ययांची शेपटं. ‘झाडाखालच्या’ म्हटलं की पहिली ओळ संपली. ‘पावसाळ्यातल्या’ तर सहा अक्षरांचा, दारातूनच परत. त्यातून ‘पाऊस’ कागदावर तीन अक्षरं, बोलताना कानाला दोनच ठोके. अभंग गाताना शेवटचा ‘स’ पूर्ण म्हणता येतो, हायकू कुणी गात नाही. मग मोजायचं कशाने, बोटांनी की कानाने? मी बोटांनी मोजते आणि कानाला विचारते. दोघांचं पटलं नाही तर कानाचं ऐकते.

मात्र या मोजण्याचा एक फायदा झाला. बोटं अक्षरं मोजत असतात तोवर डोळे समोरच्या गोष्टीवरून हलत नाहीत. एरवी मी बस स्टँडवर उभी असले की हातात मोबाईल असतो आणि समोर काय चाललंय याचा पत्ता नसतो.

आर्द्रा

साताऱ्याच्या स्टँडवर कोरेगाव गाडीची वाट बघत होते. आवारात एक गाडी बराच वेळ उभी. सर येऊन गेली. गाडी हलली तर तिच्या खालची जमीन कोरडी ठणठणीत, आणि त्या कोरड्या तुकड्यात एक कुत्रं बसलेलं. डोक्यावरचं छप्पर निघून गेलं तरी ते काही उठलं नाही.

पहिला खर्डा असा होता:

ओल्या स्टँडवर एकाकी
कुत्रं जणू विचारतंय
माझं छप्पर कुठे गेलं

यातलं ‘एकाकी’ माझं, ‘जणू’ माझं, ‘विचारतंय’ही माझंच. कुत्र्याचं काही नाही. मी त्या वेळी पाहिलं काय? गाडी निघाली, जमिनीवर कोरडा आकार राहिला, त्यात कुत्रं. एवढंच ठेवायचं म्हटलं आणि अक्षरं आपसूक जुळली:

बस निघाली
कोरड्या चौकोनात
उरलं कुत्रं

‘राहिलं’ की ‘उरलं’ यावर कोरेगाव येईपर्यंत घोळ घातला. ‘राहिलं’ म्हणजे कुत्र्याने तसं ठरवलं असं वाटतं, शिवाय ‘उरलं’ला गाडी गेल्याचा हिशेब येतो. पावसाचं नाव कुठेच नाही, पण ‘कोरड्या’ म्हटल्यावर भोवतालचं ओलं वाचणारा भरून घेतो.

यमकवाल्या मंडळींसाठी दुसरं रूपही करून पाहिलं. कवयित्री शिरीष पैंनी मराठीत हायकू रुजवला तो अक्षरांच्या हिशेबापेक्षा तीन ओळी आणि त्यातल्या दोघींचं यमक या वळणाने. आपल्या कानाला ते वळण लगेच रुचतं:

बस निघून गेली
कोरड्या चौकोनात कुत्रं
आणि पुन्हा सर आली

हे वाचायला गोड आहे. पण खरं सांगायचं तर सर पुन्हा आली नव्हती, यमकाने आणली. म्हणून माझं मत बिनयमकाच्या रूपाला. यमकाने एखादी खरी गोष्ट आठवली तर ठीक, नसलेली गोष्ट घडवली तर ते वहीतून बाद. हा माझ्या वहीपुरता नियम, कुणावर लादायचा नाही.

पुनर्वसू

तरणा पाऊस, आणि ऑफिसात नेमकी कामाची झुंबड. पान जवळपास कोरं. ‘जणू’, ‘जसं’, ‘भासे’ या तिघांवर बंदी घातली ती याच पानावर, लाल पेनने.

पुष्य

संततधार. कपडे वाळेनात, मीठ पाझरतंय, काडेपेटी सर्दाळलेली. संध्याकाळी सासूबाई देवापुढे निरांजन लावायला बसल्या आणि काडी काही पेटेना. मी मदतीला उठणार, तेवढ्यात वही आठवली आणि (हे कौतुकाचं नाही) तशीच बघत बसले.

पुष्याची झड
काडी ओढली, ओली
पुन्हा ओढली

वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, यात कविता कुठाय? उठून गॅसचा लायटर द्यायचास.” टीका वाजवी आहे. पण हा हायकू मला आवडतो, कारण तिसऱ्या ओळीत काहीच घडत नाही, फक्त हात पुन्हा चालतो. जपानीत ओळ तोडायला ‘या’, ‘काना’, ‘केरी’ असे खास शब्द असतात. आपण ते काम एका स्वल्पविरामावर भागवतो. इथे ‘ओढली’नंतरचा स्वल्पविराम काढला तर सगळं सपाट होतं, काढून बघा.

मघा, पूर्वा

सुट्टीत मासाओका शिकी या जपानी कवीबद्दल वाचलं. 1867 ते 1902, उणंपुरं 35 वर्षांचं आयुष्य, त्यातली शेवटची वर्षं मणक्याच्या क्षयाने अंथरुणाला खिळलेली. ‘हायकू’ हे नाव रूढ केलं ते त्याने. चित्रकार समोर बघून रेखाटतो तसं लिहा, असा त्याचा आग्रह, ‘शासेई’. 1900 सालचा त्याचा एक हायकू कोंबडा या फुलझाडाच्या फुलांवर आहे: चौदा-पंधरा असावीत, एवढंच तो म्हणतो. यावर तिकडच्या समीक्षकांत पुढे बरेच वाद झाले, यात काव्य ते काय म्हणून. म्हणजे सासूबाईंचा प्रश्न जुनाच आहे.

कोंबडा आमच्याही अंगणात आहे. मोजायला गेले आणि ‘असावीत’मधली गंमत कळली. तुरे एकमेकांत इतके शिरलेले की एक कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो ते ठरत नाही. नेमका आकडा लिहिला असता तर ते खोटं झालं असतं. यावर माझा स्वतःचा हायकू झाला नाही.

हस्त

सध्याचं पान. विजा, दुपारचा उकाडा, संध्याकाळी अर्धा तास आडवातिडवा पाऊस. खर्डे आहेत, त्यातला एकही अजून उभा राहिलेला नाही. एकात दोन प्रतिमा भांडतायत: छत्रीची तुटकी काडी आणि शेंगदाणेवाल्याची पुडी. एक काढावीच लागेल, बहुधा छत्री, कारण पावसात छत्री कुणालाही सुचते. पुडीचा कागद कुठल्याशा जुन्या प्रश्नपत्रिकेचा होता, ‘कोणतेही तीन प्रश्न सोडवा’ एवढं वाचता येत होतं. ते 17 अक्षरांत कसं कोंबायचं? ‘कोणतेही तीन’ ही सहा अक्षरं, मधल्या ओळीत जातील, उरलेल्या एका अक्षराचं काय करायचं ते बघते.

चित्रा लागायच्या आत हे पान बंद करायचंय. तुमच्यापैकी ज्यांच्या वह्या यमकाच्या आहेत त्यांनी पक्क्या हायकूंसोबत खर्डेही दाखवा, खोडलेल्या ओळींसकट. कुठला शब्द गेला आणि का गेला, हे वाचायला मला जास्त मजा येते.