दगडूच्या खालची ओळ

२०२३ च्या नोव्हेंबरात आम्हा सगळ्या शाळांना आदेश आला की १९६७ च्या आधीची जेवढी जनरल रजिस्टरं, म्हणजे मुलं दाखल केल्याच्या नोंदवह्या, असतील तेवढी काढा, पानन् पान बघा आणि कुणबी नोंदी शोधून कळवा. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम तेव्हा मराठवाड्यापुरतं न राहता सगळ्या राज्यात लागू झालं होतं. मी सातारा जिल्ह्यात माणदेशातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्याकडे क्लार्क वगैरे काही नसतो, शिकवणं, पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि दाखले सगळं आम्हीच बघतो, त्यामुळे रजिस्टरं पण आम्हीच काढली. कपाटाच्या तळाला कापडात बांधलेली होती. एकावर शिक्का होता, जिल्हा स्कूल बोर्ड, उत्तर सातारा. १९४९ ते १९६० या काळात आमच्या जिल्ह्याचं नाव हेच होतं, दक्षिण साताऱ्याचं पुढे सांगली झालं. मुलांना दाखवला तर त्यांना खरंच वाटेना.

आम्हाला बघायचा होता जातीचा रकाना. पण डोळा काही तिथे टिकत नव्हता, सारखा डावीकडे नावाच्या रकान्यात जायचा.

सगळ्यात जुन्या रजिस्टरात पान उघडलं की धोंडिबा, केरबा, दगडू, भिका, रामा, गणू, म्हसू, खंडू, मारुती, परत दगडू, परत केरू. देवाची नावं आहेतच, खंडोबा, विठोबा, म्हसोबा, आणि वारकऱ्यांची घरं असली की ज्ञानोबा, तुकाराम, सोपान, निवृत्ती. पण ही दगड, धोंडा, केरवाली नावं इतकी का, तर आमच्याकडे अजून म्हाताऱ्या माणसांना माहीत आहे की आधीची मुलं दगावली की पुढच्याचं नाव मुद्दाम असं ठेवायचे, म्हणजे मृत्यूचं लक्ष जाऊ नये. कुणी मूल केरात ठेवून उचलायचं, तो केरबा, कुणी देवाकडे भीक मागितली म्हणून भिका. धोंडू मात्र प्रत्येक वेळी तसाच नसतो, धोंड्याच्या महिन्यात म्हणजे अधिक महिन्यात जन्मला तरी धोंडू किंवा धोंडीराम व्हायचा. प्लेग, दुष्काळ, १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, हे सगळं इतिहासात मी मुलांना शिकवते, पण एका पानावर एवढे दगडू बघितल्यावर मला त्या आया दिसायला लागल्या. लेकराला दगड म्हणायचं, कशासाठी तर ते जगावं म्हणून. किती भीती असेल मनात.

आणि मुली, तर पानंच्या पानं उलटावी लागतात एखादी मुलगी दिसायला. काशी, गंगू, भागीरथी, अनुसया, शेवंता, द्वारका. पुढच्या रजिस्टरात थोड्या वाढतात.

तर त्या दिवशीची गोष्ट. आम्ही व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलो होतो आणि लोकांची रीघ लागली होती, ज्याला त्याला आपल्या आजोबा पणजोबांची नोंद हवी होती. एक पंचविशीतला मुलगा सकाळपासून थांबला होता. त्याच्या आजोबांचं नाव दत्तात्रय. मतदान कार्डावर दत्तात्रय, बँकेच्या पासबुकावर दत्तात्रय, आणि आम्हाला त्या वडिलांच्या नावाचा दत्तात्रय काही कुठल्या रजिस्टरात सापडेना. जन्मतारखेवरून शोधावं तर तिचाही उपयोग नव्हता, १ जून. त्या पिढीतल्या अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनच आहे, आईबापाला तारीख माहीत नसली की गुरुजी शाळा सुरू व्हायच्या महिन्याची १ तारीख टाकून मोकळे व्हायचे. आजोबा वारून बरीच वर्षं झालेली. मी म्हटलं, घरात त्यांच्या वयाचं कोणी आहे का? तर तो म्हणाला आजोबांची धाकटी बहीण आहे, शेजारच्याच गावात दिलीय, आणतो गाडीवर.

दुपारी घेऊन आला. आजी ऐंशीच्या आसपासच्या, नऊवारी, डोक्यावर पदर, कानाला थोडं कमी ऐकू येत होतं पण नजर एकदम तरतरीत. मी खुर्ची दिली तर म्हणाल्या, नगं बाई, हितंच बसते, ह्याच साळंत बसलेय मी. मी विचारलं, आजी, दत्तात्रय नाव सापडत नाही हो. त्या म्हणाल्या, "आवं दत्तात्रय कुठला, दगडू व्हता त्यो. म्हमईला गिरणीत लागला तवा दत्तात्रय झाला. कुणी दगड्या म्हनलं की राग यायचा त्याला."

त्यांच्या आधीचे दोन भाऊ लहानपणीच गेले होते, म्हणून तिसरा दगडू.

आता दगडू शोधायचा, तर दगडू ढीगभर. वडिलांचं नाव पण तिथे असंच सगळ्यांचं, दगडू रामा, दगडू धोंडी, दगडू रामा. आम्ही वाचत होतो आणि आजींनी मधेच डोळे मिटून म्हणायला सुरुवात केली, मला आधी कळेचना काय म्हणतायत. हजेरी म्हणत होत्या. बाबू, शिदू, तुकाराम, पांडू, केरू, एका लयीत, आणि मुलींची वेगळी, द्वारका, शेवंता, ठकू, अनुसया. माझ्या सहकारी सरांनी १९५० चं पान धरलं होतं, ते बोट ठेवून एकेक ओळ खाली येत गेले आणि नावं जुळत गेली. सगळी नाही, क्रम थोडा मागेपुढे, पण जुळत गेली. सत्तर वर्षांहून जुनी हजेरी, आणि ही बाई दुसरीतच शाळेतून निघालेली. व्हरांड्यातली सगळी गडबड बंद झाली, आपापल्या आजोबांसाठी आलेली माणसं पण उठून भोवती उभी राहिली.

दगडू सापडला. पोराच्या तोंडावर जे काय आलं ते सांगता येणार नाही मला. जातीच्या रकान्यात त्याला हवं होतं तेच होतं.

त्याच पानावर दगडूच्या बरोबर खालच्या ओळीत त्याच वडिलांच्या नावाची एक मुलगी होती, एकाच दिवशी दाखल केलेली. मी सहज म्हटलं, आजी, ही तुम्हीच ना? आणि वाचायला गेले आणि थांबले. आधी लिहिलं होतं नकुशी. त्यावर एकच आडवी रेघ आणि वरती त्याच शाईत, त्याच अक्षरात, कुसुम.

आमच्या जिल्ह्यात हे नाव नवीन नाही. मुलीवर मुलगी झाली की नकुशी, नकुसा, नकोशी. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींची नावं बदलली होती, देशभर बातमी झाली होती. पण ते सरकारी पातळीवर. इथे १९५० साली एका गुरुजींनी दाखल करतानाच, पोरीचा बाप समोर उभा असताना बहुतेक, रेघ मारून टाकली होती.

मी आजींना मोठ्याने नाही विचारलं, चारचौघं होती. जवळ जाऊन कानात सांगितलं, तुमचं नाव इथे कुसुम लिहिलंय. त्या म्हणाल्या, "व्हय, गुर्जींनी ठिवलं. घरी कुनी म्हनायचं न्हाई. साळंत तेवढी मी कुसुम व्हती." मग स्वतःच मोठ्याने बोलल्या, सगळ्यांसमोर, की माझं नाव नकुशी व्हतं, तीन बहिणींवर झाले मी. लग्नात नवऱ्याकडच्यांनी ताटात तांदूळ पसरून तिसरंच नाव लिहिलं, सुमन, आधार कार्डावर तेच आहे. तिच्या भावाच्या नातवाला यातलं काही माहीत नव्हतं. तो नुसता आत्याआजी, आत्याआजी करत तिचा हात धरून बसला.

गुरुजींनी नावं बदलण्याबद्दल माझं मत पूर्वी जरा वाईट होतं, कारण निस्तरावं आम्हाला लागतं. शाळेत एक, सातबाऱ्यावर एक, रेशनकार्डावर एक, मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात छापा, माणूस हेलपाटे मारून थकतो. आणि काही गुरुजींनी तर गावची चांगली नावं पण उगाच पुस्तकी करून टाकली, म्हसूचं महेश करायची काही गरज नव्हती, म्हसोबा आमचा देव आहे. पण ती एक रेघ बघितल्यापासून मी असं सरसकट बोलत नाही. त्या बाईला झबल्यातून नऊवारीत जाईपर्यंतच्या सगळ्या आयुष्यात दीड-दोन वर्षं का होईना कोणीतरी फुलाच्या नावाने हाक मारली.

आपल्या मराठी नावात मधे बापाचं नाव असतं, त्यामुळे रजिस्टरातल्या एका ओळीत दोन पिढ्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात, हे मला त्याच आठवड्यात नीट दिसलं. पन्नासच्या दशकाच्या शेवटी सुरेश दगडू, प्रकाश धोंडिबा, अशोक केरू, मुलींत सुमन, विमल, कमल, लीला यांच्या बापाचं नाव भिका नाहीतर गेणू. स्वातंत्र्याच्या आसपास जन्मलेले सुभाष आणि जवाहर आहेत, आमच्या जिल्ह्यात तेव्हा क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होऊन गेलेलं, ते वारं नावात येणारच. १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि साठ-बासष्टपासून आमच्या रजिस्टरात सिद्धार्थ, मिलिंद, गौतम, सुजाता दिसायला लागतात. मिलिंद भिका. सिद्धार्थ केरू. मी त्या ओळींवर बराच वेळ थांबले. एका बापाने ठरवलं की माझ्या नावासारखं नाव माझ्या मुलाला नाही, आणि गुरुजींना सांगून ते शाईने लिहून घेतलं.

माझ्या स्वतःच्या वर्गात, म्हणजे ऐंशीच्या दशकात, सुनीता, संगीता, अनिता, सविता, वैशाली आणि मनीषा एवढ्या होत्या की बाई बापाच्या नावाने हाक मारायच्या. मुलांत संतोष, राजेंद्र, संजय, सचिन, गणेश. त्यातले सचिन आता बाप झालेत आणि माझ्या हजेरीत आरव सचिन, शौर्य गणेश, स्वरा संतोष अशा ओळी आहेत. आज्या लोकांना ही नावं म्हणता येत नाहीत, पण कोणी नातवाला मुद्दाम दगड म्हणत नाही, आणि याचं श्रेय मी लसीकरणाला आणि आमच्या आशाताई, नर्सताईंना देते, अगदी मनापासून. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदावर आईचं नाव पण लागतं. १९५० च्या त्या पानावर एकाही आईचं नाव नाही. दगडू आणि कुसुमच्या आईचं नाव मी आजींना विचारून घेतलं, रखमा होतं.

त्या शोधमोहिमेत ज्या पानांवर हवी ती नोंद मिळाली ती पानं स्कॅन झाली, वर गेली. बाकीची पानं परत कापडात. कागद असा झालाय की उलटताना कडा हातात येतात, वाळवी एका रजिस्टराला लागलेलीच आहे. आम्ही दोघंतिघं शिक्षक शनिवारी सकाळची शाळा सुटली की थोडा वेळ बसतो आणि मोबाइलने उरलेल्या पानांचे फोटो काढतो, वर्षवार फोल्डर करून ठेवतोय, कुणाचा खाजगी तपशील बाहेर जाणार नाही याची काळजी घेऊन. साहेबांना विचारलंय, त्यांनी होकार दिला. तुमच्या गावच्या शाळेत कोणी ओळखीचे गुरुजी असतील तर त्यांच्याशी एकदा बोला. आणि घरात ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर त्यांच्या वर्गात कोण कोण होतं एवढं विचारून लिहून ठेवा, रजिस्टर वाळवीने खाल्लं तर तेवढं तरी हाताशी राहील. आजींनी म्हटलेली हजेरी मी त्या दिवशी लिहून घेतली, ती १९५० च्या फोल्डरमध्ये ठेवलीय, त्यातली पाच नावं रजिस्टरात नाहीत. ती मुलं दाखल न होताच येऊन बसायची, असं आजी म्हणाल्या, लहान भावंडाला कडेवर घेऊन.