४३ नंबरचा चौकोन

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभी राहिली ती प्रयोगशाळा. प्रयोगशाळा म्हटलं की बाई. नाव सांगायला नकोच, आमच्या वेळच्या कुणालाही ‘बाई’ म्हटलं की त्याच आठवतात.

मी नववीत होतो. ठाण्याचा पाऊस, भिंतीला ओल आली आणि मूलद्रव्यांच्या तक्त्याचा एक तुकडा फुगून गळून पडला. मँगनीजच्या खालचा, ४३ नंबरचा. बाईंनी पुठ्ठ्याचा चौकोन कापला, मागे खळ लावली आणि दौत माझ्यापुढे सरकवली. “लिही, टेक्नेशियम.” माझं अक्षर वाईट, मी मागे सरलो. तर म्हणाल्या, “अरे, हा तक्ता मांडणाऱ्या मेंडेलीव्हपासून ही जागा रिकामी होती. शेवटी माणसानंच भरली. आता तू भर.”

मधली सुट्टी संपून गेली तरी बाई सांगतच होत्या. अमेरिकेत बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधला, म्हणजे अणूंवर वेगवान कणांचा मारा करणाऱ्या यंत्रातला, मॉलिब्डेनम धातूचा पत्रा टपालानं इटलीत पालेर्मोला गेला आणि १९३७ साली सेग्रे आणि पेरिए या शास्त्रज्ञांना त्यात हे मूलद्रव्य सापडलं. माणसानं बनवलेलं पहिलं मूलद्रव्य! नावाचा ग्रीक अर्थच ‘कृत्रिम’. डबा तसाच राहिला, पण भूक आठवत नाही.

आज मी नवी मुंबईत एका रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून तपासण्या करणाऱ्या विभागात, आहे. ठाणे-वाशी लोकलनं जातो. वाशीलाच ब्रिटचं संकुल आहे, किरणोत्सारी औषधं बनवणारं. आमचा जनरेटर विजेचा नव्हे, त्यात मॉलिब्डेनम-९९ असतं आणि त्याचं आपोआप टेक्नेशियम होत राहतं. रोज सकाळी त्यातून सलाईननं टेक्नेशियम उतरवून घ्यायचं. आमच्यात त्याला गाय दोहणं म्हणतात. आतलं मॉलिब्डेनम ६६ तासांत निम्मं होतं, उतरवलेलं टेक्नेशियम (टेक्नेशियम-९९एम) मात्र ६ तासांतच. म्हणून पेशंट वेळेवर यावा लागतो. शिशाच्या आडोशाला कुपीत पाण्यासारखा द्रव जमतो, ना रंग ना वास. बोन स्कॅनला आलेल्या आज्या ‘रेडिओॲक्टिव्ह’ ऐकूनच घाबरतात. मग मी शेजारी बसून, बाई सांगायच्या तसं सावकाश सांगतो, “आजी, भरपूर पाणी प्या. उद्या या वेळेला सोळावा हिस्सासुद्धा उरणार नाही.”

गेल्या वर्षी शाळेत गेलो होतो. प्रयोगशाळेत स्मार्ट बोर्ड आलाय, बोट लावलं की चौकोन उजळतो. तक्ता रद्दीत गेला. फार वाईट वाटलं. निदान तो एक पुठ्ठा तरी मागून घ्यायला हवा होता.

समारंभाला बाई येणार आहेत असं कळलंय. त्यांना दाखवायला जनरेटरचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवलाय, शेजारी सकाळची पहिली कुपी.