कर्नाड आणि आमचा डिमर

गेली बावीस वर्षं मी हौशी नाटकांना लाइट्स करतोय. स्पर्धेचा निकाल लागला की लेखक, दिग्दर्शक, नट यांची नावं सगळ्यांच्या तोंडी. लाइट्सवाल्याचं नाव नाट्यगृहाच्या पार्किंगपर्यंतही पोचत नाही. म्हणून कन्नड नाटककार गिरीश कर्नाडांचा हा किस्सा मी भेटेल त्याला ऐकवतो.

कर्नाड १९३८ साली आपल्या माथेरानला जन्मले, वाढले मात्र कर्नाटकातल्या शिरसीत. घरात कंदील. गावात नाटक कंपनी मुक्कामाला आली की आईवडील पोराला घेऊन हजर, कारण दोघांनाही नाटकाचं वेड. तिथे पेट्रोमॅक्सचा उजेड. सुगी आटोपली की घरच्या गड्यांबरोबर यक्षगान, म्हणजे तिकडचं लोकनाट्य, बघायला जायचं, ते उघड्यावर, मशालींच्या उजेडात, रात्र रात्र. (मशालीला क्यू, म्हणजे 'आता कर' असा इशारा, द्यावा लागत नाही, ती आपली आपण नाचते. हेवा वाटतो.)

पुढे धारवाडला गणित आणि संख्याशास्त्र घेऊन पदवी, मग मुंबई. तिथे एका संध्याकाळी दिग्दर्शक इब्राहिम अल्काझींनी बसवलेलं, स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गचं 'मिस ज्युली' पाहिलं आणि हा मुलगा मुळापासून हलला. नाटकानं हलला हे खरंच, पण तितकाच रंगमंचावरच्या उजेडानं. दिवा लावायचा किंवा विझवायचा, एवढंच आजवर माहीत. तो हळूहळू उजळवता येतो, मावळवता येतो, त्यासाठी डिमर नावाचं यंत्र असतं, हे त्या दिवशी कळलं. आपण नाटककार व्हायचं हे नकळत त्याच संध्याकाळी ठरलं असेल का, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलंय. लेखक होऊ पाहणाऱ्या माणसाला डिमर आठवावा!

गंमत म्हणजे व्हायचं होतं इंग्रजी कवी. ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली, १९६० साली ऑक्सफर्डला निघायची तयारी सुरू, पोरगा परत येईल ना ही घरच्यांना धास्ती. आणि नेमकं त्याच दिवसांत हातून उतरलं नाटक, तेही कन्नडमध्ये. बापासाठी स्वतःचं तारुण्य देऊन टाकणाऱ्या मुलाचं, 'ययाती'.

दोन वर्षांपूर्वी आम्ही ते केलं. शेवटचा फेड, म्हणजे उजेड मावळवणं, मी चाळीस सेकंदांचा ठेवला होता. विंगेतून दिग्दर्शक हात हलवत होता, आटप आटप. मी डिमरच्या नॉबवरून नजर उचललीच नाही.