गाडीच्या एसीची नोंद: इंजिन तापल्यावर क्लच का सुटत होता, ते अखेर सापडले

रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज आणि प्रेशर स्विच तपासून झाल्याचे मागच्या नोंदीत कळवले होते आणि तरीही दुपारच्या वेळी गाडी रत्नागिरीजवळच्या हातखंब्याच्या पुढे गेली की एसी गार हवा देणे बंद करतो, ही मूळ तक्रार तशीच उरली होती. ती तक्रार आता मिटली आहे. दोष गॅसमध्ये नव्हता आणि कूलिंग कॉइलमध्येही नव्हता. तो एसीचा गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पुलीवरील चुंबकी क्लचमध्ये (बेल्टने फिरणारी पुली कॉम्प्रेसरशी जोडणाऱ्या भागात) होता आणि खाऱ्या हवेने खराब झालेले वायरिंग त्याला हातभार लावत होते. दोन कारणे एकमेकांत मिसळल्यामुळे हा बिघाड फार फसवा झाला होता, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

सकाळी भाट्याहून निघताना हवा अंगावर शहारा आणण्याइतकी गार असे. पाली ओलांडून साखरप्याकडे जाताना ऊन चढले आणि बॉनेटखाली उष्णता साठली, की ती एकाएकी कोमट होई. बटणावरचा दिवा मात्र चालूच राही आणि कंडेन्सरचा पंखाही फिरतच राही. बॉनेट उघडून पाहिल्यावर पुली फिरताना दिसे, पण तिच्या तोंडावरची क्लच प्लेट जागच्या जागी स्थिर असे. गाडी सावलीत उभी करून इंजिन निवू दिले, की सारे पूर्ववत. गॅरेजात विचारावे तर उत्तर एकच मिळे, की गॅस भरून घ्या. ते मला पटत नव्हते, कारण गॅस कमी असता तर सकाळीही गारवा अपुराच पडला असता. शिवाय गेज लावल्यावर लो साइडला (कमी दाबाच्या बाजूला) ३५ आणि हाय साइडला (जास्त दाबाच्या बाजूला) २२० पीएसआयच्या आसपास दाब दिसत होता आणि आर-१३४ए गॅससाठी आपल्याकडच्या मे महिन्यात तो रास्तच म्हणायला हवा. गळती न शोधता गॅस भरून देण्याची पद्धत मला मनापासून खटकते. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर गेलेला असतो आणि ती जागा आधी शोधायला हवी. गळती बुजवणारे म्हणून जे रसायन डब्यातून मिळते, तेही मी कोणाला सुचवणार नाही, कारण एक्सपान्शन व्हॉल्व्हची (गॅसचा दाब उतरवणाऱ्या झडपेची) बारीक वाट त्याने तुंबू शकते.

निर्णायक चाचणी अगदी साधी ठरली. एसी बंद पडताच गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केले, क्लचच्या कॉइलचा (प्लेट ओढून घेणाऱ्या विद्युतचुंबकाच्या तांब्याच्या वेटोळ्याचा) कनेक्टर काढला आणि फ्यूज जोडलेल्या वायरने बॅटरीचा करंट थेट कॉइलला दिला. क्लच बसण्याचा ओळखीचा ‘टक्’ आवाज आलाच नाही. मग करंट चालू ठेवूनच स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने प्लेट पुलीकडे हलकेच दाबली, तर ती तत्काळ चिकटली आणि तशीच राहिली. याचा अर्थ कॉइल जिवंत होती. मधले अंतर ओलांडून प्लेट खेचून घेण्याची ताकद तेवढी तिच्यात उरली नव्हती. ही चाचणी करताना इंजिन बंदच असले पाहिजे, कारण फिरत्या बेल्टजवळ हात नेण्याचे काही कारण नाही.

तापल्यावरच असे का व्हावे, याचे उत्तर तांब्याच्या गुणधर्मात आहे. तापमान एक अंशाने वाढले की तांब्याचा रोध सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. माझी कॉइल थंड असताना ३.७ ओहम दाखवते आणि तापल्यावर ४.६. त्यामुळे करंट साधारण एकपंचमांशाने घटतो, पण चुंबकी ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने ती ढोबळमानाने एकतृतीयांशाने कमी होते. इतका लहान रोध मोजताना मल्टिमीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना लावून वायरचा स्वतःचा रोध वजा करावा. स्वस्त मीटरांच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम भरतो आणि इथे तेवढ्यानेही निष्कर्ष बदलतो.

आता अंतराकडे वळतो. अशा क्लचमध्ये प्लेट आणि पुली यांच्यात साधारणतः ०.३ ते ०.६ मिलिमीटर फट असावी लागते. फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापकाने) तीन ठिकाणी मोजल्यावर माझ्याकडे ती ०.९ भरली. वर्षानुवर्षे घासून दोन्ही पृष्ठभाग झिजतात आणि फट वाढत जाते. गाडी स्टँडवर घेऊन, बॅटरीची निगेटिव्ह काढून, उजव्या चाकाआडचे प्लास्टिकचे आवरण उतरवले. जुना फॅनबेल्ट प्लेटला गुंडाळून ती धरून ठेवली आणि मधला नट सोडवला. प्लेट हातात आली तेव्हा तिच्या घासणाऱ्या तोंडावर निळसर झाक दिसली, म्हणजे सुटण्याआधी ती घसरून तापतही होती. खोबणीत तांबड्या मातीची पूड आणि गंज यांचा घट्ट थर बसला होता. शाफ्टवर वॉशरसारख्या तीन चकत्या होत्या, ०.१, ०.३ आणि ०.५ मिलिमीटर जाडीच्या. त्यांतली ०.५ची काढून प्लेट परत बसवली आणि फट बरोबर ०.४ आली. गॅसच्या लाइनला कुठेही हात लावावा लागला नाही. फट ०.३च्या खाली नेण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मग एसी बंद असतानाही प्लेट पुलीला घासत राहते आणि बेअरिंग तापते. या कामाचे समाधान फार मोठे होते. भर दुपारी, इंजिन पूर्ण तापलेले असताना तो ‘टक्’ आवाज स्पष्ट ऐकू आला.

फीलर गेजविषयी एक मत नोंदवून ठेवतो. इथे घेतलेल्या संचाची पाती एका पावसाळ्यात गंजून एकमेकांना चिकटली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून आणलेला संच तेलाचा हात देऊन डब्यात ठेवतो आणि तो अजून उत्तम आहे.

वायरिंगचा भाग अजून चालू आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते, पण कॉइलपाशी १२.१च पोहोचत होते. त्यातले १.१ व्होल्ट एकट्या अर्थ वायरमध्ये (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या वायरमध्ये) हरवत होते. ब्रॅकेटवर आवळलेल्या तिच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवट-पांढरी भुकटी जमली होती आणि आतल्या तारा काळ्या पडल्या होत्या. निरोगी तांबे दिसेपर्यंत वायर छाटून नवे लग लावले, बोल्टखालची जागा घासून चकचकीत केली आणि वरून ग्रीस थापले. आता अर्थच्या बाजूला जेमतेम ०.१ व्होल्ट जातो आणि कॉइलला १३.१ मिळतात.

उरलेल्या ०.७ व्होल्टसाठी बॅटरीपासून थेट नवी वायर आणि स्वतंत्र रिले टाकण्याचा विचार होता आणि सामानही आणून ठेवले आहे. परंतु ही नोंद लिहिताना पॉझिटिव्ह बाजूचे आकडे टप्प्याटप्प्याने मांडले, तेव्हा त्यातले ०.५ व्होल्ट हेडलाइटमागच्या एकाच कनेक्टरमध्ये पडत असल्याचे दिसले. तेव्हा नवा रिले बाजूला ठेवतो आणि आधी तो कनेक्टरच बदलतो. त्याच वेळी क्लचच्या वायरवरून एक तार डॅशबोर्डपर्यंत आणून १२ व्होल्टचा बारीक हिरवा दिवा लावावा, असेही आता वाटते आहे. पुन्हा कधी हवा कोमट झाली, तर करंट पोहोचतो आहे की नाही हे गाडी चालवतानाच कळेल.

एसीच्या गार हवेत हीटरची ऊब मिसळते आहे का, हेही तपासले आणि ते काम त्या मानाने लवकर उरकले. हीटरकडे जाणारा पाइप कापड गुंडाळून चिमटवला, तेव्हा डॅशबोर्डच्या जाळीतून येणाऱ्या हवेचे तापमान १३ अंशांवरून ९वर उतरले, म्हणजे हीटरचा पाणी-व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता. केबलची क्लिप सरकली होती. ती मागे घेऊन बसवली आणि व्हॉल्व्हच्या सांध्यात गंज सोडवणारे तेल सोडले. हा व्हॉल्व्ह नीट उघडणेही तितकेच महत्त्वाचे आहे. जुलैत आंबा घाटात काचा आतून धूसर होतात, तेव्हा एसीने हवेतली वाफ काढून घ्यायची आणि हीटरने तीच हवा उबदार करून काचेवर सोडायची, याइतका जलद उपाय दुसरा नाही.

मृगाआधी पुलीचे बेअरिंगही बदलायचे आहे, कारण प्लेट काढलेली असताना पुली हाताने फिरवली तर बारीक घरघर जाणवते. पुली ओढून काढण्यासाठी तीन पायांचा लहान पुलर लागेल. रत्नागिरी ते चिपळूण पट्ट्यात कोणाकडे असल्यास कृपया कळवावे, आणि अशी पुली कोणी पूर्वी काढली असेल, तर मागची कॉइल सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) धरलेली असते की स्क्रूंनी, तेही सांगावे, म्हणजे योग्य पक्कड आधीच आणून ठेवता येईल.