विमानाच्या अंतराचं शीट: अंतर जमलं, वेळ अजून छळतेय

मंडळी, दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाची वेळ काढणारं स्प्रेडशीट बनवतोय, त्याचा अपडेट देतो. अंतराचा भाग आता झालाच म्हणा. आधी हॅवरसाइनवर (गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं अंतर काढायचं सूत्र) चालवत होतो, पृथ्वी ६३७१ किमी त्रिज्येचा गोळा धरून, लंडनचं हीथ्रो ते न्यूयॉर्कचं जेएफके ५५४० किमी यायचं. पण पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे ना, म्हणून आता व्हिन्सेंटीचं १९७५ चं सूत्र टाकलंय, तेच अंतर ५५५५ च्या आसपास येतं. १५ किमीचा फरक, म्हणजे जेटला मिनिटभर, त्यामुळे नुसती वेळ काढायची असेल तर हॅवरसाइन पुरेसं आहे, उगाच डोकं खाऊ नका. व्हिन्सेंटीचा एक त्रास मात्र आहे, दोन ठिकाणं पृथ्वीच्या जवळपास विरुद्ध टोकांना असली की ते गरगरत बसतं, उत्तरच येत नाही. कार्नीची २०१३ ची पद्धत तिथेही चालते, ती पुढे बसवणार.

खरी मजा वेळेत आहे. अंतर भागिले ताशी ९०० किमी केलं की झालं, असं वाटतं, पण गेट ते गेट वेळेत टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं-येणं) आली, चढणं उतरणं आलं, म्हणून मी सरसकट अर्धा तास जोडतो. माझा अंदाज आहे हा, गर्दीच्या विमानतळांना कमीच पडतो. ९०० सुद्धा सगळ्यांना लागू नाही, ११ किमी उंचीवर ०.८५ माखचं (म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पट) बोइंग ७८७ साधारण ९०० ने जातं, ०.७८ वालं एअरबस ए३२० मात्र ८३० च्या आतबाहेर.

आणि मग वारा!! जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोरदार वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून न्यूयॉर्क ते लंडन लवकर आणि परत येताना तासभर तरी जास्त. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं ७४७ जेएफकेहून हीथ्रोला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, जमिनीवरून मोजलेला वेग १३०० किमीच्या वर गेला, तरी ते सुपरसॉनिक (आवाजापेक्षा वेगवान) नव्हतं कारण आजूबाजूची हवाच त्याच्यासोबत पळत होती.

मला वाटायचं जाता-येता वारा फिटंफाट होत असेल. नाही होत. ५५४० किमी, वेग ९००, वारा १००, तर एकीकडे ५ तास ३२ मिनिटं, दुसरीकडे ६ तास ५६, बेरीज वाऱ्याशिवायच्या बेरजेपेक्षा ९ मिनिटांनी जास्तच, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं. म्हणून शीटमध्ये आता जाण्याचा आणि येण्याचा कॉलम वेगळा, एकच 'सरासरी वेळ' दाखवणारी टूल्स मला तरी पटत नाहीत.

आता घोडं अडलंय हेलसिंकी-टोकियोपाशी. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि फिनएअरचा साडेनऊ तासांचा प्रवास १३ तासांवर गेला, ग्रेट सर्कल, म्हणजे गोलावरून सगळ्यात जवळचं अंतर, मात्र तेवढंच. तेव्हा मधले पॉइंट टाकून तुकड्या-तुकड्यात अंतर मोजायची सोय करतोय. कोणी केलंय का आधी?