शिट्टी

"काका, आ सीटी काढी नाखुं?"

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या स्टुडिओतला पोरगा माऊस हलवत विचारत होता. मामांचा वर्षश्राद्धासाठीचा फोटो मोठा करायला दिला होता. समोर बघणारा हा एकच, तोही तोंडात शिट्टी असलेला. बाकी सगळ्यांत मामा वाकलेले. एक तर उसात, नाहीतर फक्कीने रेघा मारताना.

खळं मोकळं झालं की तिथंच कबड्डीचं मैदान. १३ बाय १० मीटर. टेप नव्हताच, जुन्या दाव्याला गाठी मारून ठेवलेल्या. पोरांनी हात लावला की ओरडायचे, "गाठ सुटली तर मैदान चुकंल!" लाइट रात्रीची असली की रात्रभर पाणी पाजायचं आणि सकाळी सहाला शिट्टी. मामी वैतागायच्या, यात नवल नाही.

मी बडोद्याहून गेलो की ठरलेला प्रश्न, "तुमच्याच जिमखान्यानं हुतूतूचे नियम बसवले ना रं?" १९२३ सालचं हिंदविजय जिमखान्याचं ते काम. माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं, पण मला ते मामांकडून कळलं. लाज वाटते, पण खरं आहे.

आता हा पोरगा एका क्लिकमध्ये शिट्टी पुसणार होता. श्राद्धाच्या फोटोत बरी दिसत नाही म्हणे. मीही क्षणभर "हो" म्हणणार होतो. तेच दिवसभर खातंय.

बाहेर येऊन मामींना फोन लावला.

"ऱ्हाऊ दे की," त्या म्हणाल्या. "हार तेवढा खाली घाला. शिट्टी झाकली तर चिडतील."